फोरग्राउंड ब्लर दर वेळी फसतो? गवत तुमच्यापासून किती पावलांवर आहे ते आधी बघा

नवी मुंबईत नेरूळच्या पाणथळीवर, खारघरच्या टेकडीवर किंवा ठाण्यात येऊरच्या वाटेवर मोठी लेन्स घेऊन जाणाऱ्यांकडून फोरग्राउंड ब्लरबद्दल, म्हणजे पक्ष्याच्या पुढची वस्तू धूसर करून तिचा नुसता रंग फोटोत आणण्याबद्दल, एक तक्रार हमखास ऐकू येते. पक्षी समोर होता, पुढे छान गवत होतं, मुद्दाम त्यातून फोटो काढला, पण मऊसूत रंगाऐवजी खाली मातकट डाग आला. कधी कॅमेरा पक्षी सोडून गवतच धरून बसतो. कधी फोकस डोळ्यावर अचूक असतो, तरी सगळा फोटो दुधात बुडाल्यासारखा दिसतो. मग निष्कर्ष निघतो की याला महागडी, मोठ्या भोकाची एफ/४ लेन्सच हवी. माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा लेन्स बदलायची गरज नसते. बदलायची असते ती आपली जागा, आणि तीही दोन-चार पावलं.

आधी फसलेला फोटो नीट वाचा

उपाय शोधण्याआधी बिघाड कोणता हे ठरवावं लागतं. चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, ‘ब्लर जमला नाही’. फोटो मोठा करून डोळा आणि त्याच्या आसपासचा भाग बघा.

पक्षी मऊ आहे आणि पुढचं किंवा मागचं एखादं पातं कडक (शार्प) दिसतंय, तर फोकस चुकला. पक्ष्याच्या पिसांची रेघ जागेवर आहे, पण काळा रंग काळा न राहता राखाडी झालाय, तर पुढच्या गवताचा उजेड पक्ष्यावर सांडलाय. पक्षी उत्तम आहे, पण खालच्या ब्लरमध्ये दुहेरी कडा आणि काड्यांचे जाड पट्टे दिसतात, तर गवताचं अंतर चुकलं. आणि एकाच बर्स्टमधल्या (सलग काढलेल्या फोटोंतल्या) एका फोटोत डोळा स्पष्ट, पुढच्यात वितळलेला, त्याच्या पुढच्यात पुन्हा बरा असेल, तर गवताचा काही संबंध नाही. ती चिखलावरून उठणारी उन्हाची झळ आहे. ठाणे खाडीच्या उघड्या चिखलावर ऊन चढलं की ती सुरू होते आणि पन्नास-साठ मीटरवरचा फ्लेमिंगो कुठल्याही लेन्सने नीट मिळत नाही. तिथे सेटिंग बदलत बसू नका. सकाळी लवकर या, नाहीतर जवळचा पक्षी निवडा.

मातकट डाग: मूळ कारण अंतर

हा भाग सविस्तर लिहितोय, कारण बाकीच्या निम्म्या अडचणी इथूनच निघतात.

पुढच्या गवताचा प्रत्येक ठिपका पक्ष्याच्या अंतरावर एक चकती होऊन पसरतो. ही चकती जितकी मोठी, तितका ब्लर मऊ. तिचा आकार काढायला साधं गणित पुरतं. लेन्सच्या अपर्चरचा, म्हणजे उजेड आत येणाऱ्या भोकाचा, व्यास घ्या, त्याला पक्षी आणि गवत यांच्यातल्या अंतराने गुणा आणि गवताच्या आपल्यापासूनच्या अंतराने भागा. अपर्चरचा व्यास म्हणजे फोकल लेंथ (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा) भागिले एफ क्रमांक (एफ/६.३ मधला ६.३). आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी १५०-६०० झूम लेन्स ६०० मिलिमीटरवर एफ/६.३ ला वापरली, तर हा व्यास होतो साधारण साडेनऊ सेंटिमीटर.

आता समजा खंड्या २० मीटरवर बसलाय. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात त्या अंतरावर चौकटीची रुंदी साधारण १२० सेंटिमीटर भरते. गवत बरोबर मध्यावर, १० मीटरवर असेल, तर चकती साडेनऊ सेंटिमीटरची होते, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या आठ टक्के. एवढ्यात काड्या पुसल्या जात नाहीत, फक्त जाड होतात. गवत १५ मीटरवर, म्हणजे खंड्याच्या पुढ्यातच असेल, तर चकती जेमतेम तीन सेंटिमीटरची. मातकट डाग म्हणतात तो हाच. गवत ५ मीटरवर आलं की चकती २८ सेंटिमीटरची होते, चौकटीच्या जवळपास चौथा हिस्सा. इथे काड्या विरघळतात आणि उरतो तो फक्त रंग. आणि गवत १ मीटरवर असेल, तर चकती १८० सेंटिमीटरची, म्हणजे चौकटीपेक्षाही मोठी. मग ब्लर खालच्या कोपऱ्यात राहत नाही, सगळ्या फोटोवर पांढुरका थर बसतो.

मच्छरदाणी डोळ्याला लावून बघितली तर जाळी नाहीशी होते आणि खोली थोडी फिकट दिसते. तीच चार हात लांब टांगली असली तर एक एक भोक मोजता येतं. आपल्याला हवी ती जागा या दोन्हींच्या मधली.

आता गंमत अशी की पक्ष्याचं अंतर बदलून हेच गणित पुन्हा केलं, तरी ही मधली जागा फारशी हलत नाही. ६ मीटरवरच्या शिंजिरासाठी चौकटीच्या चौथ्या हिस्स्याएवढी चकती हवी असेल, तर गवत ३ मीटरवर हवं. २० मीटरवरच्या खंड्यासाठी ५ मीटरवर. ६० मीटरवरच्या फ्लेमिंगोसाठी ६ मीटरवर. पक्ष्याचं अंतर दहापट झालं, पण गवताची जागा फक्त दुप्पट सरली. म्हणून जागा शोधताना पक्ष्याजवळचं गवत बघू नका, तुमच्यापासून चार ते आठ पावलांवर काय उगवलंय ते बघा. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सर असेल, तर हीच पट्टी अंदाजे ४ ते ९ मीटरची होते, कारण चौकट लहान असल्याने तीच चकती जास्त जागा व्यापते. ४०० मिलिमीटर एफ/५.६ लेन्स असेल, तर गवत आणखी जवळ लागतं. फुल फ्रेमवर साधारण २ ते ३ मीटर पुरे.

या गणितातून आणखी एक गोष्ट कळते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मागची वस्तू कितीही लांब असली, तरी तिची चकती अपर्चरच्या व्यासापेक्षा, म्हणजे आपल्या साडेनऊ सेंटिमीटरपेक्षा, मोठी होऊच शकत नाही. ६० मीटरवर चौकट ३६० सेंटिमीटरची असते, त्यात साडेनऊ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. म्हणूनच लांबच्या फ्लेमिंगोमागे जे टॉवर आणि दिव्याचे खांब येतात ते ओळखू येतातच. मागचं पुसणं आपल्या हातात नाही. पुढच्या ब्लरला मात्र अशी मर्यादा नाही. लांबच्या पक्ष्याच्या फोटोत मऊपणा आणायचा असेल, तर तो पुढूनच आणावा लागतो.

फ्लेमिंगोच्या थव्यातले पुढचे पक्षी धूसर करून मागच्या एकाला उठाव द्यायचा, हा अनेकांचा प्रयत्न नेमका याच कारणाने फसतो. पुढचा पक्षी ३० मीटरवर आणि मागचा ६० वर असला, तरी पुढच्याची मान जाड गुलाबी काठीसारखी दिसते, रंग होत नाही. असा फोटो पुढचा पक्षी खरोखर जवळ असेल तरच जमतो. काठावरून सहसा ते शक्य नसतं. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तिथून कधी तसा योग येतो. पण पक्ष्यांपासून अंतर राखणं बोट चालवणाऱ्याच्या हातात असतं, आणि ते तसंच राहू द्यावं. ‘आणखी जवळ घ्या’ असा आग्रह करू नये.

एफ क्रमांक आणि व्ह्यूफाइंडरचा चकवा

झूम लेन्स एफ/८ ला जास्त कडक होते, म्हणून अनेकजण एफ/८ किंवा एफ/११ वर सेट करूनच घरून निघतात. ६०० मिलिमीटरला एफ/११ म्हणजे अपर्चरचा व्यास साडेपाच सेंटिमीटर. एफ/६.३ च्या तुलनेत चकती थेट जवळपास निम्मी. शिवाय डीएसएलआरचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर नेहमी उघड्या अपर्चरचं दृश्य दाखवतो, आणि अनेक मिररलेस कॅमेरेही बटण दाबेपर्यंत तसंच करतात. त्यामुळे डोळ्याला दिसतो मखमली रंग आणि कार्डावर येतात काड्या. डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण असेल तर दाबून बघा, नसेल तर एक फोटो काढून स्क्रीनवर तपासा. फोरग्राउंडचा फोटो असेल तेव्हा अपर्चर पूर्ण उघडा ठेवा. पिसांच्या कडकपणात जे थोडं कमी होईल, ते अशा फोटोत चालतं.

कॅमेरा गवतच धरतो

रुंद किंवा ऑटो फोकस क्षेत्रात बहुतेक कॅमेऱ्यांचा कल जवळची वस्तू आधी धरण्याकडे असतो. गवतातून फोटो काढताना हाच कल आडवा येतो. पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: एकच लहान फोकस पॉइंट आणि बॅक बटण फोकस (शटरऐवजी मागच्या बटणाने फोकस करणं). त्याने अर्धं काम होतं.

उरलेलं काम लेन्सवरचा लिमिटर, म्हणजे फोकस ठरावीक अंतराच्या अलीकडे येऊ न देणारा खटका, करतो, आणि हा उपाय फार कमी लोक वापरतात. सिग्माच्या १५०-६०० वर १० मीटर ते अनंत अशी खूण आहे. आपलं गवत ५-६ मीटरवर आहे, म्हणजे लिमिटर लावल्यावर लेन्स तिथे पोचूच शकत नाही. कॅमेऱ्याला गवत धरायची इच्छा झाली तरी ते त्याला जमणार नाही. निकॉनच्या २००-५०० वर ही मर्यादा ६ मीटरची आहे, त्यामुळे गवत ५ मीटरच्या आत ठेवलं तर काम होतं. शिंजीर, वटवट्या, मुनिया असे जवळचे पक्षी असतील, तर अर्थातच लिमिटरचा उपयोग नाही. तिथे रिंग हाताने फिरवून फोकस आधी पक्ष्याच्या मागे न्यायचा आणि मग ऑटोफोकसला अलीकडे येऊ द्यायचं. मागून येताना वाटेत त्याला पक्षी आधी भेटतो.

पक्षी एकदा धरला गेला आणि मध्येच पातं डुललं, तर फोकस उडी मारू नये म्हणून ट्रॅकिंगची संवेदनशीलता (फोकस किती चटकन दुसऱ्या वस्तूवर जातो ते) कमी करा. इथे मेनूतल्या आकड्यांनी घोळ होतो. सोनीत १ म्हणजे घट्ट धरून ठेवणं आणि ५ म्हणजे चटकन सोडणं. निकॉनच्या ‘ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स’मध्ये नेमकं उलट, तिथे ५ म्हणजे उशिरा सोडणं. कॅननमध्ये उणे बाजू म्हणजे घट्ट धरणं. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर आलेल्या मित्राला आकडा सांगताना हे लक्षात ठेवा.

एवढं करूनही डोळा जरासा मऊ येतो, तेव्हा दोष बारीक असतो. फेज डिटेक्शन, म्हणजे कॅमेऱ्याची फोकस ठरवायची पद्धत, लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा एकमेकांशी ताडून बघतं. एका बाजूवर पातं आलं की तुलना बिघडते आणि फोकस पक्ष्याच्या आसपास, पण डोळ्यावर नाही, असा बसतो. यासाठी पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत मोकळी फट हवी, आणि ती आपल्या डोळ्याला दिसते त्यापेक्षा मोठी हवी. २० मीटरवरचा पक्षी आणि ५ मीटरवरचं गवत असेल, तर फट साधारण ७ सेंटिमीटरची लागते. चार बोटं जोडून जितकी रुंदी होते, तेवढी. आपण एका डोळ्याने गवतातून बघतो तेव्हा अर्धा सेंटिमीटर फटीतूनही पक्षी दिसतो आणि वाटतं की वाट मोकळी आहे. लेन्सला मात्र ती फट पुरत नाही. म्हणून पक्ष्याच्या डोळ्यासमोर चार बोटांची मोकळी जागा आणि बाकी अंगावर गवत, अशी जागा शोधा. बसून, गुडघ्यावर, पोटावर. उंची एका वितीने बदलली तरी फट सापडते किंवा हरवते.

फोटो दुधाळ येतो

पुढचं गवत उन्हात चमकत असेल, तर त्याचा उजेड पक्ष्यावर पसरणारच. जानेवारी-फेब्रुवारीतलं वाळकं, पेंढ्याच्या रंगाचं गवत सकाळच्या उन्हात खंड्याच्या निळ्यापेक्षा कितीतरी उजळ असतं. नवी मुंबईच्या बाजूने खाडी पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी पाम बीच रोडकडून पाण्याकडे तोंड करून बसलात की ऊन तुमच्या पाठीवर आणि गवताच्या तोंडावर असतं. पक्षी छान उजळतो, गवत त्याहून जास्त उजळतं. ठाण्याच्या बाजूने, कोपरीकडून, खाडी पूर्वेला आहे, तिथे हीच अवस्था संध्याकाळी होते.

उपाय म्हणजे सावलीतलं फोरग्राउंड निवडणं. बांधावरच्या तिवराची (खारफुटीचं झाड) सावली ज्या गवतावर पडलीय, त्यातून उन्हातला पक्षी टिपा. गडद हिरवा ब्लर पक्ष्याचा काळा रंग फारसा फिका करत नाही. दुसरा मार्ग उलटा आहे: उन्हाकडे तोंड करून बसा आणि गवताला मागून पेटू द्या. नेरूळला संध्याकाळी शेकाट्यांच्या काळ्या आकृत्या आणि पुढे सोनेरी धुकं, हा फोटो मला स्वतःला पाठीवर ऊन घेऊन काढलेल्या दहा फोटोंपेक्षा जास्त आवडतो. तिथे काळा थोडा फिका झाला तरी बिघडत नाही, कारण सगळा फोटोच त्या उजेडाचा असतो.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोतल्या उजेडाचं प्रमाण, मॅन्युअलवर (हाताने ठरवून) ठेवा. वाऱ्याने पाती पुढे-मागे झाली की ऑटो मीटरिंग प्रत्येक फ्रेमला वेगळं मोजतं आणि पांढऱ्या बगळ्याची पिसं कधी जळतात, कधी काळवंडतात.

रंग कुठून आणायचा

गवत हिरवं किंवा पिवळं एवढ्यावर थांबू नका. पावसाळ्यात येऊरच्या उतारांवर तेरडा फुलतो, त्याचा गुलाबी रंग पाच मीटरवरून अप्रतिम पसरतो. पावसाळा ओसरताना कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे मोकळ्या माळांवर उभे असतात आणि मुनिया त्यांच्या आसपासच असतात. टाकळा पिवळा देतो, घाणेरी केशरी. उन्हाळ्याच्या तोंडावर पळस आणि पांगारा फुलतात, पण ती फुलं उंचावर असतात, त्यामुळे उताराच्या वरच्या अंगाला उभं राहून, फुललेली फांदी तुमच्या पातळीला येईल अशी जागा शोधावी लागते.

रुंद पान आणि बारीक पातं यांत फरक ठेवा. पातं अपर्चरपेक्षा अरुंद असतं, म्हणून ते पक्ष्याला पूर्ण झाकत नाही, त्याच्यावर फक्त रंग चढवतं. सागाचं पान लेन्सपेक्षा रुंद असतं. ते आलं की तिथे भिंतच उभी राहते. अशी पानं चौकटीच्या कडेलाच ठेवावीत. बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्यावर मात्र कुठलाही रंग चढला की लगेच दिसतो. अंगावर थोडी गुलाबी छटा मला चालते, हिरवी चालत नाही, तो आजारी दिसतो.

वेळ आणि भरती

हे सगळं करायला पक्षी जागेवर थांबायला हवा. ओहोटीला फ्लेमिंगो आणि पाणपक्षी खाडीच्या चिखलावर पांगून चरतात, भरतीने चिखल बुडाला की नेरूळसारख्या आतल्या पाणथळींवर येऊन विसावतात. तेव्हा जागा बदलून बघायला निवांत वेळ मिळतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा कोळ्यांचा जुना हिशेब इथेही कामाला येतो: एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. खाडीत आतवर पाणी त्याच्या थोडं मागून पोचतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी असते, पण भर दुपारी, म्हणजे कडक ऊन आणि झळ.

फांदी मोडू नका

फट मिळत नाही म्हणून पाती मुरगळणं, तिवराची डहाळी वाकवून बांधणं, फुलांची फांदी तोडून लेन्सपुढे धरणं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) दर्जा मिळाला, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पावसाळ्यात त्याच गवतात वटवट्याचं घरटं असतं आणि बाजूला केलेलं एक पातं त्याला उघडं पाडतं. घरट्यासमोर फोरग्राउंड ब्लरचा प्रयोग नकोच. चिखलात उतरायचं नाही, भरती मागून येते. बाकी या तंत्राची एक जमेची बाजू आहे. तुम्ही गवताच्या आडच बसलेले असता, त्यामुळे पक्षी बिचकत नाही.

घरी आल्यावर

एडिटिंगमध्ये डीहेझचा (धूसरपणा कमी करणारा) स्लायडर पूर्ण फोटोवर ओढला, तर पक्षी सुधारतो आणि ब्लरमध्ये चट्टे पडतात. पक्ष्याचा मास्क करून (फक्त तेवढाच भाग निवडून) काळा आणि कॉन्ट्रास्ट फक्त त्याच्यावर वाढवा. शार्पनिंगही तेवढ्याच भागावर. ब्लरच्या भागात नॉइज रिडक्शन जास्त दिलं, तर मऊ उताराच्या जागी पट्टे दिसू लागतात, म्हणून तिथे उलट थोडा ग्रेन घाला. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये हेच पट्टे पुन्हा येतात आणि समोरच्याला वाटतं की ब्लरच बिघडला होता.